डावा गाल

आमच्या पार्लरमध्ये खुर्च्या दोन, आरसे दोन आणि मतं दोन. तिसरं मत गिऱ्हाइकाचं असतं, पण ते विचारतंय कोण?

मी आपली जुन्या वळणाची. चेहऱ्याला हलकं स्नो लावायचं, ते मुरलं की पावडर, मग आणखी पावडर, आणि शेवटी गालावर गुलाबी पावडर. तीस वर्षं हेच करत आले. गल्लीत मला पावडरवाल्या मावशी म्हणतात आणि मला त्याचं काही वाटत नाही. नऊ वर्षांपूर्वी सून घरात आली ती नेमकी क्रीमवाली निघाली. तिच्या पेटीत नुसत्या नळ्या आणि डब्या. फाउंडेशन क्रीमचं, लाली क्रीमची, डोळ्यांवरचा रंगसुद्धा क्रीमचा. माझं गिऱ्हाईक बाहेर पडायचं ते नव्याने रंगवलेल्या भिंतीसारखं कोरडं ठणठणीत. तिचं गिऱ्हाईक चमकायचं, पण दुपार झाली की गालावरची लाली हनुवटीच्या वाटेला लागलेली असायची.

यावरून आम्ही रोज भांडायचो. सकाळी कुलूप काढल्यापासून संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत. तिच्या हातून काही चुकलं की मी नुसती खाकरायची. एवढ्यानं तिला कळायचं आणि ती म्हणायची, "आई, तुमच्या घशाला काय झालंय?" मी म्हणायची, "माझ्या घशाला काही नाही, त्या बाईंच्या भुवईला झालंय." गिऱ्हाइकं हसायची. काही जणी तर नुसत्या आमचं भांडण ऐकायला यायच्या, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तर या बाईसाहेबांनी एक दिवस मला न सांगता अर्ज केला. बातम्यांच्या स्टुडिओत मेकअप करणारी हवी होती, कायमच्या नोकरीवर. आणि मला कळलं कुणाकडून? शेजारच्या शिंपीणबाईंकडून! ब्लाउजला काजं करता करता त्या सहज म्हणाल्या, "मावशी, शुक्रवारी मी सूनबाईंबरोबर परीक्षेला चाललेय हं, चेहरा द्यायला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तशीच पार्लरमध्ये आले आणि सुनेसमोर उभी राहिले.

"सांगणारच होते," ती म्हणाली. "तुम्ही ओरडाल म्हणून राहिलं."

"मी कधी ओरडते?" असं मी इतक्या जोरात विचारलं की समोरच्या घड्याळवाल्याने भिंग खाली ठेवून मान वर केली.

परीक्षा मोठी गमतीची होती. त्या स्टुडिओत बोलायला येणारी माणसं बहुतेक उतारवयाची. डॉक्टर, निवृत्त अधिकारी, कुठले कुठले तज्ज्ञ. म्हणून चेहरा पन्नाशीच्या पुढचाच हवा. मेकअपला पाऊण तास. त्यानंतर सहा तास त्या चेहऱ्याला कुणी हात लावायचा नाही, करणारीनेही नाही आणि जिचा चेहरा तिनेही नाही. त्या सहा तासांत दिव्याखाली बसायचं, जिने चढायचे, खायचं, प्यायचं. शेवटी गालावर पांढरा टिपकागद दाबून बघायचा. कागद कोरा निघाला तर नोकरी.

हे सगळं तिने मला समजावून सांगितलं आणि मी "हं" म्हटलं. खरं सांगते, मला ती जायला नको होती. पार्लर चाललं नसतं अशातला भाग नाही, माझ्या पावडरवर ते तीस वर्षं चाललंय. पण दुसरी खुर्ची रिकामी ठेवून दिवसभर एकटीने आरशात बघत बसायचं? मुलगा सकाळी जातो तो संध्याकाळी येतो आणि आला की मोबाइलमध्ये तोंड घालतो. दिवसभर माझ्याशी भांडणारं माणूस जगात एकच होतं आणि ते निघालं होतं. पण हे मी तिला सांगितलं नाही. तोंड वर करून काय सांगणार होते?

शुक्रवार उजाडला आणि शिंपीणबाई दारात उभ्या राहिल्या त्या एक डोळा झाकूनच. रात्रीत रांजणवाडी आली होती. पापणी अशी सुजलेली की डोळा दिसेना. "मी येते की, एका डोळ्यानं काय होतंय," असं त्या बिचाऱ्या म्हणत होत्या, पण तो डोळा घेऊन मेकअपला बसवणार कसं? सून मटकन खुर्चीत बसली. मग हळूच माझ्याकडे बघायला लागली. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे.

"आई, तुमचं वय किती?"

"तुला माहीत आहे किती ते."

"पन्नाशीच्या पुढचं आहे ना?"

"आगाऊपणा करू नकोस," मी म्हटलं आणि चपला घातल्या. आता मी नाही म्हटलं असतं तर ती परीक्षेला गेलीच नसती, हे मला कळत होतं. पण शिंपीणबाई एका डोळ्याने का होईना, माझ्याकडेच बघत होत्या. शेजाऱ्यांसमोर वाईट दिसायचं धाडस माझ्यात नाही.

स्टुडिओची ती खोली लांबट होती. भिंतीला तीन आरसे, प्रत्येक आरशाभोवती बल्ब. उमेदवार तीन. आमच्या शेजारी एक लहानखुरी मुलगी होती आणि तिने चेहरा आणला होता एका काकांचा. मिशावाले, टक्कल पडलेले, निवृत्त पोस्टमास्तर. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "तुम्हालाही धरून आणलं का?" पलीकडे तिसरी जोडी. परीक्षा घेणारी बाई चष्मेवाली, हातात घड्याळ, आवाज मऊ, पण नजर अशी की माणूस सुतासारखा सरळ व्हावा.

"मॉडेलने बोलायचं नाही," ती म्हणाली. "सूचना नाही, खूण नाही, सल्ला नाही. पाऊण तास एकदम शांत."

त्या सकाळी सून पहिल्यांदा हसली. "आई, जमेल ना?" तिने कानात विचारलं. मी उत्तर दिलं नाही, कारण घड्याळ सुरू झालं होतं.

तीस वर्षांत मी हजारो चेहरे खुर्चीत बसवले. स्वतः कधी बसले नव्हते. ओलसर स्पंज गालाला लागला तेव्हा मी दचकलेच. तिने फाउंडेशन इतकं पातळ लावलं की मला वाटलं, कंजूषपणा करतेय. थोडंसं घेऊन कपाळावर थोपटलं, आणखी थोडं नाकाशी, आणखी थोडं हनुवटीला. मग थांबली. एका पुठ्ठ्याने वारा घातला. मग उजव्या गालावर बोटाने क्रीमची लाली टेकवली, टेकवली आणि कडा विरवल्या. मनात म्हटलं, झालं, आता हे दुपारी हनुवटीवर येणार.

आणि मग तिने पावडर काढली.

माझी पावडर! सुटी, बारीक, मी गेली तीस वर्षं एकाच दुकानातून आणते ती. पफवर घेतली, हाताच्या पाठीवर झटकली आणि उजव्या गालावर दाबली. घासली नाही, दाबली. दाब, सोड, दाब, सोड. हे मी तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि ती नाक मुरडून म्हणाली होती, "जुनाट आहे हो, आई." आता क्रीमच्या लालीवर पावडर बसली, त्यावर त्याच रंगाची कोरडी लाली बसली, वर पाण्याचा बारीक फवारा. आरशात माझा उजवा गाल बघितला आणि माझा माझ्यावर विश्वास बसेना. चकचक नाही, पिठूळपणा नाही. नुसता गाल. जरा बऱ्या दिवसांतला.

म्हणजे ही कार्टी माझ्या नकळत दोन्ही शिकली होती. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी मागे जाऊन आडवी व्हायची, तेव्हा हिचं हे चाललेलं असणार. माझं कोरडं तिच्या ओल्यावर बसवायचं! आम्ही नऊ वर्षं कोणतं खरं म्हणून भांडलो आणि हिने दोन्ही एकावर एक रचून ठेवलं. मला इतका अभिमान वाटला की बोलायची बंदी नसती तर मी तिला शिव्याच घातल्या असत्या.

तेवढ्यात चष्मेवाली म्हणाली, "शेवटची दहा मिनिटं."

सुनेचे हात घाईला आले. तिने पफ भरला आणि हात माझ्या चेहऱ्यावर फिरला, कपाळ, नाक, हनुवटी, डावा गाल. एका दमात सगळा चेहरा, अगदी मी करते तसा. पण माझ्या चेहऱ्यांवर खाली क्रीमची लाली नसते, म्हणून माझं चालतं. इथे माझ्या डाव्या गालावर क्रीमची लाली लागायची राहिली होती. आता पावडर आधी बसली. आणि घाईत तिने त्या पावडरवर क्रीमच्या लालीचं बोट टेकवलं.

मला आरशात दिसलं. कोरड्यावर ओलं गेलं की ते पसरत नाही, गोळा होतं. गालावर गुलाबी ठिपके धरले, मध्ये पांढरं, कडेला पोपडे. दिव्याखाली तासाभरात ते भेगाळणार होतं, टिपकागदाची वाटसुद्धा बघायची गरज नव्हती. तिचं लक्ष मात्र फवाऱ्याच्या बाटलीकडे गेलं होतं.

खाकरायचं होतं मला. नुसतं खाकरायचं. तोंडातून शब्द नाही, हाताने खूण नाही, घसा कुणाचाही खरखरतो. मी खाकरले नाही. नियमासाठी नाही, हे कबूल करते. डावा गाल फुटला तर ही घरी येईल, दुसऱ्या खुर्चीशी उभी राहील, सोमवारी माझ्याशी भांडेल. इतकंच माझ्या डोक्यात आलं आणि मी मूग गिळून बसले. आरशात स्वतःकडे बघवेना, म्हणून मी तिच्याकडे बघितलं.

ती माझ्याकडेच बघत होती. बाटली हातात तशीच. तिने माझा चेहरा बघितला, मग डोळे, मग परत चेहरा. काहीतरी तिला खटकलं. आणि मग तिची नजर डाव्या गालावर गेली.

तिचा रंग उडाला. पण हात थांबले नाहीत, हे सांगायला हवं. तिने ओला स्पंज पिळला, गालावर दाबून ते ठिपके उचलले. पुसले नाहीत, उचलले. पुसलं असतं तर खालचं सगळं सरकलं असतं. मग नखभर फाउंडेशन थोपटलं. पुठ्ठ्याचा वारा. क्रीमची लाली. पुन्हा वारा. चष्मेवाली म्हणाली, "दोन मिनिटं." दाब, सोड, दाब, सोड. कोरडी लाली. फवारा. "हात वर," चष्मेवाली म्हणाली आणि सुनेने हात वर केले. कपाळावर घाम होता तिच्या. माझ्या कपाळावर एक थेंबही नव्हता, तिने तशी सोय केली होती.

मग ते सहा तास. मेकअप करणाऱ्या तिघींना काचेपलीकडच्या खोलीत बसवलं आणि आम्हा तिघा चेहऱ्यांना अलीकडे. आधी दिव्याखाली बसवलं, इतकं गरम की पोस्टमास्तरकाका म्हणाले, "यात पापड भाजून निघतील." मग चार मजल्यांचा जिना दोनदा. मग सँडविच आणि चहा. मला चहाबरोबर स्ट्रॉ दिली. स्ट्रॉने चहा! मी ती बाजूला ठेवली आणि कपाने प्यायले. ओठ टिकायचे तर टिकतील.

जेवणानंतर डावा गाल खाजायला लागला.

आता गाल खाजतो म्हणजे काय, खाजतोच. घाईत दोनदा थर बसलेला गाल. पण आपण खाजवायचं नाही म्हटलं की ती खाज मेंदूत जाते. आणि मनात एक शहाणी बाई बोलायला लागली, ती माझ्याच आवाजात बोलत होती. म्हणाली, हात गेला तर गेला, चुकून गेला म्हणायचं. वयस्कर माणसाला कोण बोलणार? एकदाच बोट फिरव आणि सोमवारी सून घरी.

त्याच वेळी पोस्टमास्तरकाकांना शिंक आली. एक नाही, लागोपाठ तीन. आणि तिसऱ्या शिंकेला त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकापासून कानापर्यंत सगळं तोंड खसाखसा पुसलं. रुमाल गव्हाळ झाला. काकांनी रुमालाकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं.

मी काचेकडे बघितलं. ती लहानखुरी मुलगी उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. तिने पेटीची कडी लावली, पेटी मांडीवर घेतली आणि खाली मान घालून बसली. काका इकडून हात जोडत होते, तिकडे ती "असू दे, असू दे" अशी हाताने खूण करत होती. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरोखर चुकून झालं होतं त्यांचं. आणि मी ठरवून करणार होते.

माझी मलाच लाज वाटली. अशी वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिले. हात मुंग्यांनी भरले, गाल पेटला, डोळ्यांतून पाणी आलं ते मी मान मागे टाकून परत पाठवलं. काका म्हणाले, "बाई, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "झकास वाटतंय." अडीच तास मी अशी बसून होते. माझ्या लग्नातसुद्धा मी इतकी न हलता बसले नव्हते.

पावणेचारला चष्मेवालीने टिपकागद आणला. उजव्या गालावर दाबला, उजेडात धरला. कोरा. डाव्या गालावर दाबला. ती जरा जास्तच वेळ दाबून होती असं मला वाटलं. उजेडात धरला. मी डोळे मिटून घेतले आणि मनात म्हणाले, निघू दे बाई कोरा. मनापासून म्हणाले.

"सुरेख," चष्मेवाली म्हणाली. "तिसऱ्यांची लाली सरकली आहे. सोमवारपासून येऊ शकाल?" हे तिने काचेपलीकडून आलेल्या माझ्या सुनेला विचारलं.

हो म्हणायचं सोडून ही मुलगी म्हणाली, "दोन मिनिटं द्याल?" आणि माझा दंड धरून मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन आली. तिथे एक पाण्याचं मशीन होतं आणि दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आम्ही उभ्याच राहिलो.

"आई, जाऊ का?"

"आता मला काय विचारतेस? अर्ज करताना विचारलंस?"

"तेव्हा घाबरले. आता विचारते. तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही. आणि तोंड पाडून घरात फिरणारही नाही, शब्द देते."

मला पुढे खोटं बोलवेना. "ऐक," मी म्हटलं. "डावा गाल तू चुकलीस ना, ते मला दिसलं होतं. मी मुद्दाम गप्प बसले. तू जाऊ नयेस म्हणून."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"नऊ वर्षांत माझी चूक बघून तुमचा चेहरा असा शांत कधी राहिलाय का? तिथेच कळलं, काहीतरी मोठं बिघडलंय आणि आईंना ते चाललंय." ती हसली. "वाईट वाटलं मला. मग जेवणानंतर तुम्ही हातांवर बसून राहिलात ते काचेतून बघितलं. अडीच तास, आई. म्हणून विचारतेय. जाऊ का?"

जे मी दिवसभर एका बोटाने करू शकले असते ते आता एका शब्दाने होणार होतं. कुणाला कळलंही नसतं. परतीची गाडी येईपर्यंत ती गप्प राहिली असती आणि सोमवारी तिने दुसरी खुर्ची पुसली असती. मी तिच्याकडे बघितलं. बोटांना माझी पावडर लागलेली होती अजून.

"मला करमणार नाही तुझ्याशिवाय," मी म्हटलं. "अजिबात करमणार नाही. जा."

"आई..."

"जा म्हणते ना. ती बाई ताटकळलीय आत."

ती दोन पावलं गेली, परत आली, माझ्या गळ्यात पडली आणि पुन्हा पळत आत गेली. दार लागलं. मग मी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले आणि हमसून हमसून रडले, आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं, खसाखसा, हवं तसं.